दाराच्या कुलपाखालचा रंग

पैज दादानंच लावली होती, आणि ती त्याच्याच अंगाशी येणार, असं रविवारी सकाळी चहाचं आधण ठेवताना वहिनीला उगाचच वाटून गेलं. खिडकीबाहेर धुकं होतं. शेडमधली सासूबाईंची गाडी त्या धुक्यात अर्धी दिसत होती, अर्धी नव्हती. तिचा रंग आज करडा की निळा, हे ठरवायची सकाळलाही काही घाई दिसत नव्हती.

आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, गॅरेज बंद करून सगळी हत्यारं एका व्हॅनमध्ये बसवली, तेव्हापासून धंद्याची रीत ठरून गेली होती. लोक फोन करत. वहिनी पत्ता आणि तक्रार विचारून घेई, आणि दादा व्हॅन घेऊन त्यांच्या दारात जाई. बॅटरी, ब्रेक, क्लच, जे असेल ते तिथंच फाटकापाशी दुरुस्त करून देई. फोन ठेवता ठेवता निम्मी माणसं एकच गोष्ट विचारत. येताच आहात तर बंपरवर एक ओरखडा आहे, तेवढा बघाल का? वहिनी दर वेळी नाही म्हणे, आणि दर वेळी तिला वाटे, आपण दुकान उघडं ठेवून गिऱ्हाईक परत पाठवतो आहोत.

मग बारकी आली. दादाची धाकटी बहीण. लांबच्या शहरात एका मोठ्या वर्कशॉपमध्ये ती गाड्या रंगवायची. आई गेल्यावर घरी आली ती राहिलीच. तिच्याबरोबर डॉक्टरांच्या बॅगेसारखी एक पेटी होती आणि पेटीत रंगांच्या लहान लहान बाटल्या. व्हॅनमधली डाव्या हाताची एक फळी मला द्या, एवढंच तिचं म्हणणं. पत्रा ठोकायचा नाही, फवारा मारायचा नाही. नुसते ओरखडे आणि टवके. बारीक ब्रशनं रंग भरायचा, वाळू द्यायचा, घासायचा, वर पॉलिश.

दादाला ते पटलं नाही. उघड्यावर रंगकाम म्हणजे धुळीला आमंत्रण, हे एक. आणि दुसरं त्यानं जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं.

"इंजिन फसलं तर ते आवाज करतं. आपण जाऊन नीट करतो. रंग फसला की माणूस रोज सकाळी गाडीत बसताना आपल्याला शिव्या घालतो, आणि आपल्याला त्या ऐकूही येत नाहीत."

मग फसणारच नाही असं करून दाखवते, असं बारकी म्हणाली. त्यावर दादानं पैज लावली. आईची गाडी उभीच आहे. तिच्यावरचा कुठलाही एक डाग घालव. रविवारी आम्ही सगळे शोधू. एकालाही सापडला नाही तर फळी तुझी. सापडला तर विषय बंद.

त्यात गंमत वाटावी असं काही नव्हतं. तिकडच्या वर्कशॉपनं बारकीची जागा अजून भरली नव्हती. हरली तर ती परत जाणार होती, आणि एकदा गेली की पुढं पाहुण्यासारखीच येणार, हे आबांनाही कळत होतं. पण आई गेल्यापासून ते फारसं बोलतच नसत. बारकीनं शेडला चादरी लावून घेतल्या आणि रविवारपर्यंत कुणाला आत येऊ दिलं नाही. आतून अधूनमधून कागद घासल्याचा आवाज येई, झोपेत कुणी हलकेच श्वास घ्यावा तसा.

वहिनी चहाचा ट्रे घेऊन शेडकडे गेली तेव्हा चादरी काढलेल्या होत्या. बारकी पेटीवर बसली होती. तिच्या नखांच्या कडा निळसर झाल्या होत्या.

आधी तूच बघ, असं ती म्हणाली. वहिनी ट्रे हातात धरूनच गाडीभोवती निघाली. बंपर झाला, मागचा दिवा झाला. या बाजूनं गाडी करडी दिसत होती आणि तिकडून जरा हिरवट. पाण्यात पाय टाकत जावं तशी ती सावकाश चालत होती. ड्रायव्हरच्या दारापाशी आली आणि ट्रेमधल्या कपबशा किणकिणल्या.

दाराच्या कुलपाखाली काही नव्हतं. नुसता स्वच्छ, शांत रंग.

गेल्या रविवारपर्यंत तिथं ओरखड्यांचं एक घरटं होतं. शेवटी शेवटी सासूबाईंचे हात थरथरत. चावी भोकात जायच्या आधी आजूबाजूला कुठंकुठं लागायची, आणि त्या ओठ आवळून पुन्हा नेम धरायच्या. पुढं पुढं तर गाडी चालवणंही थांबलं. त्या नुसत्याच आत जाऊन बसत, पण दार मात्र दुसऱ्या कुणाला उघडू देत नसत. आणि बारकीला यातलं काही कळवायचं नाही, असं त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं. ती नोकरी टाकून पळत येईल, म्हणायच्या. फोनवर त्यांचा आवाज खणखणीत असे. आवाज कुठं थरथरत होता? मग एके दिवशी झोपेतच त्या गेल्या, आणि बारकीला सांगायचं राहून गेलं. आधी शब्द दिला होता म्हणून, आणि नंतर तोंड कसं उघडायचं म्हणून.

गंमत अशी, की पैज लागली तेव्हा ही जागा घरात कुणाच्या ध्यानातही आली नाही. सगळ्यांना बंपर आठवला, मागचं पोचा पडलेलं दार आठवलं. कुलपाखालच्या त्या जागेला या घरात कुणी डाग समजतच नव्हतं.

"मला तर काही दिसत नाही बाई," वहिनी म्हणाली, आणि चहा गार होतोय असं म्हणून तिनं ट्रे बारकीच्या पुढं केला.

तेवढ्यात मामा आले. आईचे हे धाकटे भाऊ मागच्याच गल्लीत राहत. जन्मभर त्यांनी भिंतींचे रंग विकले होते, त्यामुळं रंगातलं आपल्याला विचारावं अशी त्यांची अपेक्षा असे आणि कुणी विचारत नसे. आज बोलावणं आलं म्हणून ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी बंपरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि हाच तो, असं जाहीर केलं. बारकीनं फडक्यानं तो कोपरा पुसला. कबुतराची शीट होती. मग ते मागं गेले आणि तिथल्या पोच्यावर हात फिरवू लागले.

"तो तुमचाच आहे, मामा," बारकी म्हणाली. "गाडी मागं घेताना भिंतीला लावलीत तो. मुद्दाम ठेवलाय. पुरावा म्हणून."

"भिंत पुढं आली होती," मामा म्हणाले. मग वळसा घालून ते ड्रायव्हरच्या दाराशी आले, खाली वाकले, आणि तसेच राहिले. चष्मा कपाळावरून नाकावर आला. त्यांनी वहिनीकडे पाहिलं. वहिनीनं मान किंचित हलवली. मामा सरळ उभे राहिले आणि आज धुकं फार आहे, असं कुणाला तरी म्हणाले.

दादा हात पुसत आला. खरं तर हात स्वच्छ होते. जिंकणार याची त्याला खात्री होती आणि त्याबद्दल सकाळपासून वाईटही वाटत होतं. बहिणीला काय सांगायचं हे त्यानं मनाशी जुळवून ठेवलं होतं. तुझ्या हातात कला आहे, पण हा धंदा वेगळा, वगैरे. त्यानं शोधायला सुरुवातच केली नाही. आठवड्यातून एकदा इंजिन चालू ठेवायला तो या गाडीत बसायचा, तसाच सवयीनं दाराकडे गेला. चावी धरलेला हात कुलपाशी पोचला, आणि बोटांच्या पेरांना नेहमीचा खरखरीतपणा लागलाच नाही.

तो तिथंच उकिडवा बसला. धुकं विरत चाललं होतं. उजेड दारावर तिरका पडला होता, आणि त्यात कुठं कड नव्हती, कुठं फुगवटा नव्हता. त्याला आणखी एक गोष्ट कळली. दाराच्या आतल्या पट्टीवर रंगाचा कारखान्याचा क्रमांक असतो. बारकीनं तो रंग लावलाच नव्हता. तो या गाडीचा जन्माचा रंग होता. इतक्या वर्षांच्या उन्हात विटून, पावसात धुऊन गाडी आज ज्या रंगाची झाली होती, तो रंग तिनं बाटल्यांमधून जमवला होता. दादाला एकदम वाटलं, हिच्या हाताखाली आपण उमेदवारी केली असती तरी चाललं असतं.

जिंकायला आता नुसतं बोट ठेवायचं होतं. पण बोट ठेवलं की ती विचारणार, काय दिसलं? रंग जुळला नाही असं म्हणावं तर ते खोटं. दादानं बायकोला खोटं सांगितलं होतं, बँकेला सांगितलं होतं, पण कुणाच्या कामाबद्दल कधी खोटं बोलला नव्हता. आणि खरं सांगावं तर आईला दिलेला शब्द.

"नाही सापडत," तो उठत म्हणाला.

राहिले आबा. ते सावकाश चालत त्याच दारापाशी गेले, थांबले, आणि पुढच्या टायरकडे बघू लागले. बराच वेळ बघत राहिले. मग हवा कमी आहे, एवढंच म्हणून परत येऊन खुर्चीत बसले.

म्हणजे बारकी जिंकली होती. वहिनीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मामांनी घसा खाकरून अभिनंदन केलं. शेडच्या पत्र्यावरून दवाचे थेंब एकेक करून खाली येत होते, आणि बारकी पेटीवर बसून त्यांच्याकडे बघत होती. तिला आनंद का होत नाही, हे तिचं तिलाच आधी कळेना.

वर्कशॉपमध्ये ती गिऱ्हाइकांच्या डोळ्यांवर नजर ठेवायला शिकली होती. माणूस गाडी न्यायला आला की त्याचे डोळे आधी दुरुस्त केलेल्या जागेवर जातात, मग सगळीकडे फिरतात, मग पुन्हा तिथंच येतात. आज चौघांच्या डोळ्यांनी सगळी गाडी पाहिली, आणि त्या एका जागेवर पोचले की ते निसटले. वहिनीच्या कपबशा वाजल्या. मामांना धुकं आठवलं. दादा तर त्या जागेसमोर बसून राहिला आणि उठल्यावर जमिनीकडे बघत बोलला. आबांनी टायर पाहिला.

"तुम्हाला दिसलंय," बारकी म्हणाली.

दादा पुन्हा हात पुसू लागला.

"चौघांनाही दिसलंय. आणि मी परत जाऊ नये म्हणून तुम्ही गप्प बसलात." तिचा आवाज चढला नव्हता. एकेक बाटली ती पेटीत आडवी करत होती. "असली फळी मला नको, दादा. दयेवर रंग टिकत नाही. मी उद्या निघते."

वहिनी काही म्हणायला गेली तेव्हा बारकीनं पेटीचं झाकण लावलं. मामा "दाजी, दाजी" असं पुटपुटत आबांकडे बघू लागले. आबांनी डोळे मिटून घेतले होते. दादाला दिसलं, की आता गप्प बसणं हेच खोटं होतंय. तिच्या कामाबद्दलचं खोटं.

"दाराच्या कुलपाखाली," तो म्हणाला.

बारकी थांबली. "काय दिसतं? गडद झालाय?"

"नाही."

"कड दिसते?"

"काहीच दिसत नाही गं. म्हणून तर कळलं." दादानं चावी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "डोळ्यांनी शोधणारा असता तर मरेपर्यंत सापडलं नसतं त्याला. ते ओरखडे आईचे होते, बारके."

मग त्यानं सगळं सांगितलं. त्याला गोष्ट सांगता येत नसे. मधलं आधी, आधीचं मध्ये, असं करत तो थरथरीपर्यंत आला, शब्द कुणी कुणी दिला तिथपर्यंत आला. वहिनीनं एक-दोन ठिकाणी त्याला सावरलं. बारकी पेटीवरचा हात न काढता ऐकत होती. ऊन आता शेडच्या आत आलं होतं आणि गाडी पहिल्यांदाच निळी दिसत होती.

"मला वाटलं, ते मामांचं काम आहे," ती शेवटी म्हणाली.

"माझं?"

"रात्री पिऊन आल्यावर चावी लागत नसेल तुम्हाला, असं वाटलं. घासताना हसले मी."

मामांनी कित्येक वर्षांत दारूला हात लावला नव्हता. ते रागावतील असं वहिनीला वाटलं. पण ते म्हणाले, "बरं, माझंच समज."

बारकीनं मान हलवली. दर रविवारी मी फोन करायचे, ती म्हणाली. कशी आहेस विचारलं की आई म्हणायची, मजेत. तुम्ही सगळे शेजारी उभे असायचात. मला मागून आवाज यायचे.

"तिनं शब्द घेतला होता," दादा म्हणाला.

"तिनं घेतला. तुम्ही दिलात."

दादाच्या लक्षात आलं, की पैज कोण जिंकलं, फळी कुणाची, हे आता फार लांब गेलं आहे, आणि बहीण उद्या गेली तर ती रंगापायी जाणार नाही.

बारकी उठून दारापाशी गेली. तिनं कुलपाखाली बोटं टेकवली आणि डोळे मिटले.

"खालून वर येणारे जास्त होते," ती म्हणाली. "आखूड. एक मात्र लांब होता, पार हँडलपर्यंत. वरचे जुने आणि उथळ, खालचे खोल. म्हणजे हात जड होत गेला असणार." तिची बोटं गुळगुळीत रंगावरून हळूहळू सरकत होती, जणू ते सगळं अजून तिथंच होतं. "आणि इथं, डावीकडं, एकही नव्हता. इथं नुसता रंग झिजून पातळ झाला होता, एवढाच गोल. तो कशानं झाला ते मला कळलंच नाही."

"अंगठा," आबा म्हणाले.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"डाव्या हाताचा अंगठा टेकायची तिथं. आधाराला." आबा खुर्चीतून उठले होते. "मी मागं उभा असायचो. बघतोय असं वाटू नये म्हणून टायर बघायचो. गॅरेजमध्ये कधी एवढे टायर पाहिले नव्हते मी."

बारकीला हसू आलं आणि ते अर्ध्यावरच मोडलं. ती आबांच्या खांद्याशी गेली. "मी सगळे घालवले, आबा. एकेक करून. पाणी लावून, घासून घासून."

"चांगलं केलंस," आबा म्हणाले. "तिला बघवत नसे ते. केवढं दार खराब केलं मेलं मी, रोज म्हणायची. मला म्हणायची, कुणाकडून तरी रंगवून घ्या. आणि कुणी माणूस आणतो म्हटलं की नको म्हणायची. परका माणूस विचारेल, हे कशानं झालं."

ते खरंच होतं. आई तसं म्हणायची. पण बोलून झाल्यावर आबा दारापाशी गेले आणि त्यांचा अंगठा त्या रंगावर फिरू लागला. थोडा वर, थोडा खाली. वहिनीनं तोंड फिरवलं. लेकीनं आईचं राहिलेलं काम केलं होतं, आणि त्याच हातानं बापाची रोजची एक जागा नेली होती. या दोन्हींत मोठं काय, ते आबांना ठरवता येत नव्हतं, आणि ठरवायची त्यांना घाईही नव्हती. थोड्या वेळानं त्यांनी बारकीचा हात घेतला आणि तिचा अंगठा तिथं टेकवला.

"इथं," ते म्हणाले. "असा."

बाकीच्यांचा चहा कधीच गार झाला होता. वहिनी तो पुन्हा गरम करायला घेऊन गेली. ती परत आली तेव्हा दादा व्हॅनचं मागचं दार उघडून डाव्या फळीवरचे जुने बेल्ट आणि डबे खाली काढत होता. मामा त्याला कुठला डबा कुठं ठेवावा हे सांगत होते आणि तो ऐकत नव्हता. बारकी अजून ठरवत होती. तिनं ते स्पष्ट सांगितलं. दोन गोष्टी आहेत, म्हणाली. एक, या घरात यापुढं मला वाचवायचं म्हणून कुणी काही लपवायचं नाही.

"आणि लपवलं तर?" दादानं विचारलं.

"तर तुझ्या व्हॅनला गुलाबी ठिपके काढीन. जुळणारे नाहीत, न जुळणारे."

दादा म्हणाला, कबूल. दुसरी गोष्ट कोणती, ते तिनं वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं. वहिनीकडून ती ऐकून दादा म्हणाला, गिऱ्हाईक आपल्याला वेड्यात काढतील. काढू देत, असं आबा म्हणाले, आणि विषय तिथं संपला.

सोमवारी उन्हं अंगणात यायच्या आतच पहिला फोन आला. एका बाईंचा आवाज होता, जरा घाईतला. गाडी सुरू होत नाही, बॅटरीच गेली असणार. वहिनीनं पत्ता विचारून घेतला. फोन ठेवता ठेवता बाई म्हणाल्या, येताच आहात तर गाडीच्या मागच्या दारावर थोडे ओरखडे आहेत, खाली, पार पायरीपर्यंत. तुम्ही तसलं काही करत नसाल ना?

"करतो ना. आता करतो," वहिनी म्हणाली. हे वाक्य तिला बोलायला इतकं बरं वाटलं, की बारकीनं सांगितलेलं पुढचं विचारायला जीभ रेटेना. खिडकीतून व्हॅन दिसत होती. बारकी फळीवर बाटल्या मांडत होती, आणि दादा तिला त्या उंचीप्रमाणे लाव असं सांगत होता.

"फक्त एक विचारायचं होतं," वहिनी म्हणाली. "कशाचे आहेत ते, ठाऊक आहे का तुम्हाला? म्हणजे, घालवायचेच आहेत ना?"

वहिनीला वाटलं, झालं, वेड्यातच काढलं. फोनमधून कुठंतरी नळ चालू असल्याचा आवाज येत होता, आणि फरशीवरून कुत्र्याच्या नखांचा टकटक असा, फार म्हातारा, सावकाश आवाज.

"थांबाल का जरा," बाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यातली घाई गेली होती. "घरात विचारून सांगते."

वहिनी फोन कानाला लावून थांबली.